ऑर्चर्डमधला प्लॉट की भाटकाराच्या जमिनीतलं जुनं घर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. नवरा पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत, तुम्ही खासगी शाळेत. दोघांचे मिळून महिन्याला ४२,००० रुपये हातात येतात. डिचोली तालुक्यातल्या गावात सासरचं जुनं कौलारू घर आहे, त्यात चार भावांची चार बिऱ्हाडं. घर आजेसासऱ्यांच्या काळापासूनचं, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. एक एजंट जवळच्या गावात २०० चौरस मीटरचा प्लॉट १४ लाखांना दाखवतोय. जमीन सध्या ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये आहे, ‘पुढे कन्व्हर्ट होईल’ असं म्हणतोय आणि ५०,००० टोकन मागतोय. प्लॉट घ्यावा का, आणि नाही तर आमच्यासारख्यांनी गावात घर करायचं तरी कसं, हे तुम्ही विचारलंय.

टोकन देऊ नका, हे आधी सांगून टाकतो.

तुम्ही याला परवडणाऱ्या घराचा प्रश्न म्हणताय. माझ्यापुढे येणाऱ्या आराखड्यांत आणि फायलींत मात्र तो बहुतेक वेळा कागदाचा प्रश्न असतो. गोव्यातल्या गावांत घरं कमी नाहीत. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या साधारण पाचांपैकी एक घर रिकामं सापडलं होतं, देशात सर्वांत जास्त प्रमाण. तुमच्याच वाड्यावर कुलूप लागलेली दोन-तीन घरं असतील. कमी आहे ती अशी जागा, जिच्यावर बँक कर्ज देईल, पंचायत लायसन्स देईल आणि जिच्या उताऱ्यावर वीस नावं नसतील. अशा जागेला मुंबई-दिल्लीच्या सेकंड होमवाल्यांचीही मागणी असते. पूर्वी ती बार्देशच्या किनाऱ्यापुरती होती. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडणे-डिचोलीतले भावही हलले. सरळ कागदाच्या जमिनीवर पगारदार माणूस त्या गिऱ्हाइकाशी स्पर्धा करू शकत नाही. वाकड्या कागदाच्या जमिनीवर तो त्याच्या पुढे असतो, कारण तिथे हक्क पैशाने मिळत नाही, पिढ्यान्‌पिढ्या राहण्याने मिळतो. तुमचं घर या दुसऱ्या प्रकारात मोडण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून मी प्लॉटचं थोडक्यात आणि घराचं सविस्तर लिहितोय.

आधी पैशांचं. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर दर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. बँक तुमच्या पगारावर १६-१७ हजारांचा हप्तासुद्धा मंजूर करील, पण त्या भरीला पडू नका. मुलांची फी जूनमध्ये येते आणि चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, खर्च त्याच्या मागोमाग. १२,००० च्या वर हप्ता गेला की अशा घरात पहिल्या पावसाळ्यातच ओढाताण सुरू होते. १२,००० च्या हप्त्यात पावणेचौदा लाखांच्या आसपास कर्ज बसतं. म्हणजे तुमची सगळी ताकद त्या प्लॉटच्या किमतीएवढीच आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील हे वेगळं, आणि चिऱ्याचा एकही दगड अजून विकत घेतलेला नाही.

आता प्लॉट. ‘ऑर्चर्ड’ हा रिजनल प्लॅन २०२१ मधला, म्हणजे राज्याच्या जमीनवापर आराखड्यातला झोन आहे. तिथे साधं घर बांधायला परवानगी मिळत नाही. फार्म हाऊस मिळतं, पण त्याला किमान ४,००० चौरस मीटर जमीन लागते. म्हणून एजंट मोठ्या सर्व्हे नंबरातला २०० मीटरचा ‘अविभाजित हिस्सा’ विकतो. उताऱ्यावर तुमचं नाव पन्नास जणांच्या रांगेत लागेल, पण तुमचा तुकडा नेमका कुठला हे नकाशावर कुठेच नसेल. असा तुकडा पाडून विकायला नगरनियोजन कायद्याच्या ४९(६) कलमाखालचा दाखला लागतो. तो नसेल तर सब-रजिस्ट्रारकडे दस्त अडतो. मग एजंट पॉवर ऑफ अॅटर्नी किंवा नोटरी केलेला करार पुढे करतो. त्या कागदावर बँक एक रुपयाही देत नाही.

‘पुढे कन्व्हर्ट होईल’ यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या आहेत. एक, झोन बदलणं. दुसरी, जमीन महसूल संहितेच्या ३२ व्या कलमाखालची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती वापरायची परवानगी. झोन सेटलमेंट (वस्तीचा) असेल तरच सनदेचा अर्ज पुढे सरकतो, आणि त्यावर मामलेदार, नगरनियोजन, वन आणि कृषी अशा खात्यांचे अहवाल मागवले जातात. झोन बदलण्यासाठी एजंट ‘सतराचा दोन’ किंवा ‘३९ अ’ अशी नगरनियोजन कायद्याची कलमं बोलेल. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले, आणि ३९ अ वरही न्यायालयात वाद आहेत. वीस वर्षांचं कर्ज असल्या भरवशावर काढत नाहीत.

याच्या पुढचं वाक्यही तुम्ही ऐकलं असेल: ‘बांधून तर टाका, सरकार नंतर नियमित करतं.’ नियमित करण्याचे कायदे आहेत, खोटं नाही. खासगी जमिनीसाठी २०१६ चा आहे. सरकारी आणि कोमुनिदाद (गावकऱ्यांच्या जुन्या सामुदायिक संस्थेच्या) जमिनीसाठी २०२५ मध्ये दुरुस्त्या झाल्या. पण या सगळ्यांत बांधकाम २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीचं असावं लागतं. तुम्ही यंदा घातलेला पाया त्यात कुठल्याच वाटेने बसणार नाही. उलट त्याच २०२५ सालात न्यायालयाने बेकायदा बांधकामांबद्दल पंचायतींना कडक निर्देश दिलेत, त्यामुळे सचिव आता पूर्वीसारखा डोळेझाक करीत नाही.

प्लॉटचा विषय इथे संपवू. एखादा सेटलमेंटमधला, सनद झालेला, स्वतंत्र उपविभाग क्रमांक असलेला प्लॉट परवडणाऱ्या भावात मिळालाच तर गोष्ट वेगळी. मग फक्त दोन गोष्टी जास्तीच्या बघा: उताऱ्याच्या ‘कूळ’ रकान्यात कोणाचं नाव आहे का, आणि जमीन तिळारी, अंजुणे किंवा साळावली धरणाच्या कमांड एरियात (ओलिताच्या क्षेत्रात) येते का. कुळकायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन १९९१ च्या कायद्याने शेतीशिवाय कशालाही वापरता येत नाही, आणि कमांड एरियातल्या जमिनीचंही जवळपास तेच.

आता तुमचं घर. इथे पहिली अट परिस्थितीची आहे. मी पुढे जे लिहितोय ते जमीन खासगी भाटकाराची आहे असं धरून. ‘भाटकाराची’ असं घरात म्हणतात म्हणून ती भाटकाराचीच असते असं नाही. उतारा काढल्यावर तिथे कोमुनिदाद निघते, सरकार निघतं, सत्तरीत तर आल्वारा (पोर्तुगीज काळात सरकारने लागवडीला दिलेली जमीन) निघतो. त्या प्रत्येकाची वाट वेगळी. कोमुनिदाद असेल तर २०२५ च्या दुरुस्तीत ३०० चौरस मीटरपर्यंत, सरकारी असेल तर ४०० पर्यंत नियमित करण्याची तरतूद आहे, तारीख वर लिहिलेलीच. त्यामुळे आधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा) आणि सर्व्हेचा नकाशा काढा. दोन्ही ऑनलाइन मिळतात, खर्च अगदी किरकोळ. उताऱ्यात तीन ठिकाणी बघायचं: ऑक्युपंट कोण, कूळ कोण, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय. त्या शेवटच्या रकान्यात ‘घर’ म्हणून आजेसासऱ्यांचं नाव असेल तर तुमचं अर्धं काम सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेवाल्याने करून ठेवलंय. नकाशावरही घराची आकृती दिसायला हवी.

१९७५ चा मुंडकार कायदा भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून कायम राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, संरक्षण देतो आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही देतो. किती जमीन? पंचायत हद्दीत घराच्या बाहेरच्या भिंतींपासून ५ मीटरपर्यंतची, किंवा घर धरून ३०० चौरस मीटर, यांतलं मुंडकाराला जे जास्त फायद्याचं असेल ते. नगरपालिका हद्दीत हेच २ मीटर आणि २०० चौरस मीटर. बहुतेकांना फक्त तीनशेचा आकडा माहीत असतो. तुमचं घर १० बाय १२ मीटरचं असलं तर चारी बाजूंनी ५ मीटर धरून २० बाय २२, म्हणजे ४४० चौरस मीटर होतात. शेजारचं घर दहा मीटरच्या आत असेल तर मध्ये तडजोड करावी लागते, पण अर्ज करताना आपणहून ३०० लिहून मोकळं होऊ नका. आधी फीत लावून मोजा.

किंमत मामलेदार (तालुक्याचा महसूल अधिकारी) ठरवतो. बाजारभावाने भाटकाराशी घासाघीस करावी लागत नाही, आणि तुमच्या अर्थकारणात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. प्लॉटला जाणारे १४ लाख वाचले की ती ताकद पूर्णपणे बांधकामाला मिळते.

प्रक्रिया ढोबळमानाने अशी. आधी मुंडकार म्हणून नोंदणीचा अर्ज, कलम २९ खाली, मामलेदाराकडे. भाटकाराला नोटीस जाते, जागेची पाहणी होते, जबाब होतात. भाटकाराने हरकत घेतली तर नुसती नोंदणी पुरत नाही, मुंडकार असल्याची घोषणा मागणारा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो दाव्यासारखा पुराव्यांवर चालतो. हक्क प्रस्थापित झाला की जमीन खरेदीचा अर्ज, मोजणी, किंमत भरणं, खरेदीचं प्रमाणपत्र. मग म्यूटेशन (उताऱ्यावर नाव चढवणं) आणि स्वतंत्र उपविभाग क्रमांक. कागद कुठले लागतात? जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेचं जुनं बिल, रेशनकार्ड, मतदारयादी, घरात जन्मलेल्यांचे दाखले, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. जेवढं जुनं तेवढं बरं. देवघराच्या कपाटात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत पोर्तुगीजकालीन एखादा कागद असेल तर तो भाषा कळत नाही म्हणून बाजूला टाकू नका.

किती वेळ लागतो, हे भाटकारावर अवलंबून. त्याची हरकत नसेल आणि वारस ठाऊक असतील तर काम सुरळीत होतं. बऱ्याच वेळा भाटकार दुष्ट नसतो, तो फक्त सापडत नाही: मूळ मालक वारला, मुलं लिस्बनला आणि बंगलोरला, उताऱ्यावर अजून आजोबा. मग नोटीस कोणावर बजावायची यातच तारखा जातात. म्हणून अर्जाच्या आधी भाटकाराच्या सगळ्या वारसांची नावं-पत्ते गोळा करण्यावर एक महिना घालवा. पुढचं वर्ष वाचतं.

एक सापळा इथे आहे. भाडं देऊन राहणारा मुंडकार ठरत नाही. घरात भाड्याची पावती, भाडेकरार असं काही असेल तर ते वकिलाला आधी दाखवा. लपवून अर्ज केला की समोरचा नेमका तोच कागद काढतो. भाटाची (बागेची) राखण किंवा माडांचं काम करून दिल्याचं उलट लपवण्याचं काही कारण नाही.

आता खरं अवघड ते. चार भाऊ.

मुंडकारपणाचा हक्क आजेसासऱ्यांकडून वारसांकडे येतो, एकट्या तुमच्या नवऱ्याकडे नव्हे. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे प्रत्येक भावासोबत त्याची बायको सहीला लागते. सासऱ्यांच्या बहिणी आणि तुमच्या नणंदा लग्न होऊन गेल्या असल्या तरी वारस आहेत, आणि त्यांच्यासोबत त्यांचे नवरे. ही यादी एका कागदावर लिहून काढा. वारसदारीचा दस्त सब-रजिस्ट्रारकडे होतो. त्यात कोण वारस एवढंच ठरतं, कोणाला काय मिळालं ते नाही. वाटपावर एकमत असेल तर तसा दस्त करता येतो, नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करण्याची कारवाई. तिथे वाटणी जमत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते, आणि ज्याच्याकडे रोख पैसा तो घर नेतो. तो बहुधा गावात राहणारा नसतो. म्हणून इन्व्हेंटरीला जाण्याची घाई करू नका.

‘चौघांना चार तुकडे’ हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण ते जमिनीवर बसत नाही. ३०० चे चार केले तर ७५ चौरस मीटरचा एक, म्हणजे साडेसात बाय दहा. बाजूंना साधारण ३-३ मीटर सोडावे लागतात. साडेसातातून सहा गेले, घराला रुंदी उरली दीड मीटर. असा तुकडा पाडायलाच परवानगी मिळणार नाही, आणि कुठल्यातरी जुन्या दस्ताने पाडला तरी त्यावर लायसन्स मिळत नाही. अशा वाटण्या करून बसलेल्या कुटुंबांचं पुढे काहीच होत नाही. चारही जण जुन्याच घरात मध्ये प्लायवूड मारून राहतात.

जमीन अखंड ठेवून वर हिशेब केला तर चित्र बदलतं. गावांतल्या सेटलमेंटला एफएआर (जमिनीच्या किती टक्के एकूण बांधकाम करता येतं तो आकडा) साधारण ६० किंवा ८० असतो, तुमचा नेमका किती ते नगरनियोजनच्या तालुका कार्यालयातून झोनिंग दाखला काढून बघा. ६० धरला तरी ३०० मीटरवर १८० चौरस मीटर बांधकाम बसतं. व्याप (तळाला जमिनीचा किती भाग व्यापता येतो ते) ४० टक्के धरला तर तळाला १२० पर्यंत. म्हणजे तळमजला आणि वर एक मजला करून ४५-४५ चौरस मीटरची चार घरं होतात. ४५ मध्ये दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी-संडास आणि छोटी पडवी नीट बसते. मात्र आराखड्यात चार स्वयंपाकघरं दाखवली की ती चार युनिटं धरतात, आणि पार्किंगची जागा, सेप्टिक टाकीचा आकार, जिना हे सगळं त्या हिशेबाने द्यावं लागतं.

चौघांनाही आज बांधायची ऐपत किंवा गरज नसेल. बहुतेक घरांत एक जण मुंबईला, एक जण फोंड्याला स्थायिक झालेला असतो. त्यांचा हिस्सा पैशात ठरवून नोंदणीकृत दस्ताने सोडवून घेणं, आणि चवथीला येऊन राहण्याची एक खोली लेखी ठेवणं, हा तोडगा मी सर्वांत जास्त वेळा टिकलेला पाहिलाय. खोलीचं ते वाक्य भाऊबंदकीत पैशांपेक्षा महत्त्वाचं ठरतं. तोंडी ‘तू बांध रे, माझं काही नाही’ यावर मात्र पाया खणू नका. बोलणारा मनापासूनच बोलतो, पण त्याचे वारस त्या वेळी चौथीत असतात.

बँकेचं गणितही इथेच अडकतं. जमीन सामाईक असेल तर गहाणखतावर सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतात. एका भावाच्या कर्जासाठी दुसरा आपली जागा गहाण टाकायला सहसा तयार होत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही. त्यामुळे क्रम असा: मुंडकार हक्क, खरेदी प्रमाणपत्र, मग भावांमधला दस्त, मग म्यूटेशन, आणि शेवटी बँक. लोक बँकेपासून सुरुवात करतात, तिथून परत पाठवले जातात आणि ‘गरिबाला कर्ज नाही’ म्हणत एजंटकडे वळतात.

जुनं घर ज्या जमिनीवर उभं आहे तोच भाग रिजनल प्लॅनमध्ये ऑर्चर्ड दाखवलेला असेल तर? होतं असं, विशेषतः कुळागराला लागून असलेल्या वाड्यांवर. मग नवा मजला आणि चार युनिटं विसरा. आहे त्या पायावर दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी एवढीच वाट, आणि तीही पंचायतीची लेखी परवानगी घेऊन. अशा वेळी मी दोन बिऱ्हाडांनी आत राहावं आणि दोघांनी भाड्याने बाहेर पडावं असं सुचवतो. झोन बघितल्याशिवाय यातलं काहीच नक्की सांगता येणार नाही.

कागद झाले असं धरून बांधकामाचं थोडं. ५० चौरस मीटरचं घर, हिशेबापुरता २२,००० रुपये चौरस मीटर दर धरला, तर ११ लाख. दर तुमच्या भागातल्या दोन कंत्राटदारांकडून लेखी घ्या आणि त्यात वीज, पाणी, सेप्टिक टाकी, रंग आहे का ते विचारा. कमी दर सांगणाऱ्याने यांतलंच काहीतरी वगळलेलं असतं. आधी सांगितलेल्या पावणेचौदा लाखांत हे बसतं, आणि जमिनीची किंमत, फी, मोजणी यांना थोडी जागा राहते.

बँक पैसे टप्प्याने देते: जोतं, लिंटल, स्लॅब, फिनिशिंग. जोतं आधी तुमच्या खिशातून, मग त्यांचा इंजिनियर बघून जातो, मग पहिला हप्ता. त्यामुळे दीड-दोन लाख रोख हाताशी नसतील तर काम सुरूच करू नका. जोत्यावर थांबलेली घरं तालुकाभर दिसतात. त्यांतली बरीच कर्ज नाकारल्यामुळे थांबलेली नसतात, पहिला हप्ता येईपर्यंत पैसे न पुरल्यामुळे थांबलेली असतात.

लायसन्स पावसाळ्यात मिळवा आणि काम ऑक्टोबरात काढा. डिसेंबरअखेर जोतं, मार्चपर्यंत स्लॅब, मेच्या पंधरवड्यापर्यंत बाहेरचं प्लास्टर. फेब्रुवारीत सुरू केलेलं घर हटकून पावसात उघडं सापडतं. जूननंतर चिरेखाणी पाण्याने भरतात आणि चिरा मिळत नाही, जो मिळतो तो मऊ आणि ओला. रेतीचं तर बारमाही रडगाणं आहे. एम-सँडचा (दगड दळून केलेल्या रेतीचा) दर करारातच ठरवून घ्या. वर मजला कधीतरी येणार असेल तर आता स्लॅब घाला आणि जिन्याची जागा सोडा. येणारच नसेल तर लोखंडी पाइपवर मंगळुरी कौलं स्वस्त पडतात, घर थंड राहतं. स्लॅब घालून गळती लागली म्हणून तीन वर्षांनी वर पत्रे चढवायचे, हा दुहेरी खर्च गोव्यात इतका रूढ झालाय की लोक त्याला आता पद्धत समजतात.

छोट्या जागेत सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट म्हणजे विहीर. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा, आणि आपला जांभा सच्छिद्र असल्याने त्याहून जास्त असेल तितकं चांगलं. विहीर तुमचीच नव्हे, शेजाऱ्याचीही मोजली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा दाखला याच मुद्द्यावर अडतो. म्हणून नकाशावर आधी आजूबाजूच्या विहिरी मांडून, मग शोषखड्डा, आणि उरलेल्या जागेत घर असं आखायचं. उलट क्रमाने केलेले आराखडे दोन-दोनदा परत येतात. डोंगरउतारावर जागा असेल तर खोदाई-भराईसाठी नगरनियोजन कायद्याच्या १७ अ कलमाखालची वेगळी परवानगी लागते, जेसीबी बोलावण्याआधी.

योजनांबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात १.२० लाख मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटर हवं; पक्क्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचं नाव त्यात सहसा लागत नाही. ग्रामसभेतून तरी विचारून ठेवा. तुम्ही अनुसूचित जमातीचे असाल तर आदिवासी कल्याण खात्याची अटल आसरा योजना बघा. दोन्हींत जागा तुमच्या नावावर किंवा मालकाची लेखी संमती लागते, म्हणजे गाडी पुन्हा त्याच कागदाशी येते.

आणि हे सगळं होईपर्यंत राहायचं कुठे? मुंडकाराच्या फायलीला वेळ लागेल हे धरूनच चला. साखळी-डिचोलीत फ्लॅट भाड्याने घेण्याआधी वाड्यावरच्या बंद घरांपैकी एखादं मागून बघा. मालक ते भाड्याने देत नाही कारण तुम्ही मुंडकार किंवा भाडेकरू म्हणून कायमचे बसाल ही त्याला भीती असते, आणि हा कायदा बघता ती अगदीच निराधार नाही. ती भीती कागदावर घालवा. लीव्ह अँड लायसन्सचा ११ महिन्यांचा करार, किंवा तीन वर्षांचा हवा असेल तर नोंदणीकृत. घरपट्टी आणि वीजमीटर मालकाच्याच नावावर. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकाच्या सहीने. घर पडीक असेल तर दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करा: उदाहरणार्थ कौलं परतणं आणि न्हाणीला मिळून १,०८,००० खर्च, भाडं ४,००० ठरलं, त्यातले ३,००० दरमहा वळते, म्हणजे ३६ महिने. खर्चाची बिलं कराराला जोडा. आणि सही एकट्या गावातल्या भावाची घेऊ नका. तो मे महिन्यात किल्ली देतो आणि चवथीला मुंबईचा भाऊ सामानासकट दारात उभा राहतो. सगळ्या सहमालकांच्या सह्या, नाहीतर एकाच्या नावे बाकीच्यांचं मुखत्यारपत्र.

या आठवड्यात करण्यासारखं एवढंच: एक-चौदाचा उतारा, सर्व्हेचा नकाशा, झोनिंग दाखल्याचा अर्ज, आणि सासूबाईंना विचारून जुन्या घरपट्टीच्या पावत्या. एजंटला प्लॉटचा सर्व्हे नंबर विचारा, तुमच्या वकिलाला दाखवायचाय म्हणून. बहुतेक एजंट त्यानंतर फोन उचलत नाहीत. उचललाच आणि नंबर दिला, तर त्याचाही उतारा काढा आणि ऑक्युपंटच्या रकान्यात किती नावं आहेत ती मोजा.